शुक्रवारचा फोन

आईच्या पार्लरमध्ये येणाऱ्या सगळ्याजणी तिला डॉक्टरीणबाई म्हणायच्या. सराव परीक्षांत ती कायम पहिली, आणि आईनं कौतुकानं सगळीकडे सांगून ठेवलेलं. बारावीचा निकाल लागला तेव्हा रसायनशास्त्रात ती जेमतेम पास झाली होती. फेरतपासणी मागितली, तरी गुण तेच. मेडिकलचा विषयच संपला.

"कुणाजवळ बोलू नकोस," आई म्हणाली. "आधी कुठेतरी मिळू दे. मग काय सांगायचं ते बघू."

घर पार्लरच्या मागच्या खोलीत, पण तिथे रेंज नव्हती. म्हणून ती आरशाजवळ स्टूल टाकून विद्यापीठांना फोन करत बसायची. बॅटरी मेलेली; चार्जर काढला की फोन बंद. पलीकडून "जागा भरल्या", "उद्या करा", नाहीतर नुसतं संगीत. कालपर्यंत ज्या विषयांना तिनं नाकं मुरडली होती, त्यांच्यासाठीही आता विनवण्या करून झाल्या.

शुक्रवारी दुपारी एका विद्यापीठातून फोन आला. सूक्ष्मजीवशास्त्राची एक जागा रिकामी झाली होती.

"रसायनशास्त्रात इतके कमी गुण कसे?" प्रवेश विभागातल्या बाईंनी विचारलं.

समोरच्या खुर्चीत शेजारच्या काकू ओल्या केसांनी बसल्या होत्या. ती पुटपुटली.

"जरा मोठ्यानं बोला."

"पेपरात घाबरले मॅडम. येत असलेले दोन प्रश्न कोरे सोडले. मेडिकलला नाही मिळालं, पण मला हे खरंच—"

"अगं बाई! नाही मिळालं?" काकू एकदम वळल्या.

आईनं ड्रायर लावला. फुल्ल. बाई पुढे काहीतरी विचारत होत्या, पण एक अक्षर कळेना. "काय? हॅलो? आई, बंद कर ना!" ती ओरडली. आई काकूंच्या कानाशी वाकून हसत सांगत होती, "मैत्रिणीचं बोलतेय हो ती!"

फोन कट झाला.

तिनं लगेच परत लावला. बराच वेळ लाइन लागेना. लागली तेव्हा कुणी गृहस्थ होते. "तुमच्याकडून उत्तर आलं नाही. पुढच्या मुलीला दिली जागा."

काकू गेल्यावर आईनं विचारलं, "कुणाचा होता गं?"

खरं ओठांवर आलं होतं. आई खाली वाकून फरशीवरचे केस झाडत होती, तिचा चेहरा पार उतरलेला. हे कळलं तर ती जन्मभर स्वतःला कोसत बसेल.

"नुसती चौकशी होती," ती म्हणाली आणि मागच्या खोलीत जाऊन पालथी पडली. रडूसुद्धा येईना.

त्या वर्षी तिला कुठेच प्रवेश मिळाला नाही. काकूंनी आळीभर केलंच. आता डॉक्टरीणबाई कुणी म्हणत नाही. ती बायकांचे केस धुऊन देते, पाणी गरम लागतंय का विचारते.

"एवढे फोन केलेस," परवा आई म्हणाली, "पण एकानंही विचारू नये? नशीबच खोटं गं आपलं."

ती टॉवेलांच्या घड्या घालत राहिली.