पावाखालची चार बोटं

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. नेमके सांगायचे तर फोटोचा डावा अर्धा भाग. उजव्या भागाचे काय झाले, ते सांगायलाच मी तोंड उघडले आहे. एरवी फोटोने गप्प बसावे आणि पाहणाऱ्याने बोलावे, अशी आमच्यात रीत आहे.

माझा जन्म सर्बियातल्या क्राल्येवो गावी, बाजारातल्या एका फोटोवाल्याच्या यंत्रातून झाला. त्याला चौदा वर्षे झाली. माझा मालक झिवोराद, त्याच्या घरी त्या दिवशी स्लावा होती. आमच्याकडे प्रत्येक घराचा एक संत असतो, कुलदैवतासारखा, आणि त्याचा दिवस म्हणजे स्लावा. झिवोरादच्या घराचा संत निकोला, दिवस एकोणीस डिसेंबर. घरच्यांनी एक नक्षीदार गोल पाव मिळून हातात धरायचा, तीनदा फिरवायचा आणि मोडायचा. मी तोच क्षण पकडला. डावीकडे झिवोराद, उजवीकडे त्याची बायको रदमिला, मध्ये पाव, मागे भिंतीवर संत. रदमिला त्याच्या कानात काहीतरी पुटपुटली होती आणि तो असा हसला होता, की बघणाऱ्याने त्याच्या अक्कलदाढा मोजून घ्याव्यात.

सात-आठ वर्षे मी कपाटावर चौकटीत उभा होतो. आल्यागेल्याने कौतुक केले. मग रदमिला आजारी पडली आणि गेली. झिवोरादने मला चौकटीतून काढून ड्रॉवरमध्ये पालथे ठेवले. मी राग धरला नाही. दुःख झालेली माणसे फोटो पालथे घालतात. तो आमच्या नोकरीचाच भाग आहे.

पाच वर्षांनी शेजारच्या तियानाने त्याच्या फोनवर जोडीदार शोधायचे अ‍ॅप घालून दिले. झिवोराद लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. त्याने स्वतःचा पहिला फोटो लिफ्टच्या यंत्रघरात काढून टाकला. तीन आठवड्यांत दोन बायकांची उत्तरे आली, आणि त्यांतल्या एकीला आपल्या इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्यावर का अडते, तेवढेच हवे होते.

"काका, पासपोर्टवरसुद्धा माणूस एवढा दुःखी दिसत नाही," तियाना म्हणाली. "हसरा टाका. चेहरा स्पष्ट, एकट्याचा, आणि बाकीच्या पुरुषांसारखा हातात पकडलेला मासा नको."

सल्ला चांगला होता. मीही कुणाला तोच देईन. अ‍ॅपवाल्यांनीही एक यादी दिली होती: समोरच्याला प्रश्न विचारा, लांबण लावू नका, भूतकाळ ओढून आणू नका. झिवोरादने घर धुंडाळले. हसरा म्हणावा असा एकच फोटो सापडला. मी.

फोनवर बोटानेच फोटो कापता येतो, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने कात्री आणली. मित्रांनो, तेव्हा त्याचा हात थरथरला असता तर मी आज एवढा कडवट झालो नसतो. सराईत हात होता, वायरी कापणारा. रदमिला वेगळी झाली. फक्त पावाखाली आलेली तिची चार बोटे माझ्याकडे राहिली, कारण ती काढायची तर पाव बिघडत होता. तिचा भाग त्याने स्क्रूच्या डब्यात टाकला. मग माझा फोटो काढून अ‍ॅपवर चढवला आणि नावापुढे लिहिले: अविवाहित.

आठवड्यात एकतीस उत्तरे आली. किती मोकळे हसता म्हणे. मी फुशारलो, खोटे कशाला बोलू. त्या एकतीसांत नेवेंका होती. दातांच्या दवाखान्यात वेळा नोंदवणारी, घटस्फोटित, आणि ते दोन्ही सरळ लिहिणारी, वयसुद्धा खरे. तिने पहिल्याच दिवशी विचारले की पावाखालची बोटे कुणाची. झिवोरादने लिहिले: बहिणीची, ती ऑस्ट्रियात असते, स्लावाला येते.

पहिल्या भेटीत नेवेंकाने त्याच्या टकलाकडे पाहून चौकशी केली, की धाकटे बंधू यायचे होते ना. पण ती उठून गेली नाही. सारा पानगळीचा हंगाम दोघे इबार नदीच्या काठाने चालत राहिले. तो प्रश्न विचारी, लांबण लावत नसे, भूतकाळ आणत नसे. बाई रमली. अशा अ‍ॅपांचा उपयोग होतो का, असे लोक विचारतात. होतो. पाच वर्षे एका ताटात जेवलेला झिवोराद आता दुकानातून दोन माणसांचा बेत घेऊन येऊ लागला होता. ते त्याला काही केल्या गमवायचे नव्हते.

आता चूक ऐका. स्लावाला कुणी कुणाला आमंत्रण देत नसते. ज्याला दिवस ठाऊक त्याने यायचे, घरधन्याने दार उघडे ठेवायचे. रदमिलाची आई देसांका दरवर्षी येते, म्हणून झिवोरादने नेवेंकापाशी स्लावाचा विषयच काढला नव्हता. पण माझ्यात भिंतीवर संत निकोला लटकत होता, आणि त्याचा दिवस आमच्याकडे कुणालाही झोपेतून उठवून विचारावा. लग्नाच्या बाजारात मांडायला त्याने नेमके तेच चित्र निवडले, ज्यात घराचे दार कधी उघडे असते ते लिहिलेले होते.

एकोणीस डिसेंबरला दुपारी एक वाजता नेवेंका वाइनची बाटली घेऊन दारात उभी राहिली. झिवोरादच्या हातात मासळीच्या सुपाचे पातेले होते. स्लावाच्या दिवशी घरधन्याने बसायचे नसते, त्यामुळे पुढचे सगळे त्याला उभ्यानेच ऐकावे लागले.

नेवेंका देसांकाच्या शेजारी बसली आणि बहीण पोहोचली का, म्हणून तिने विचारले.

"कसली बहीण?" देसांका म्हणाली. "हा एकटाच झाला, आणि ह्याच्या आईनं तेवढ्यावरच कानाला खडा लावला."

म्हातारीला विसर पडत असेल, असे वाटून नेवेंकाने हसत फोन पुढे केला. "ही बघा ना, मावशी. ही बोटं."

देसांकाने चष्मा चढवला. मी अंधुक व्हावे, असे मला फार वाटले; पण हल्लीचे फोन चांगले असतात.

"ही माझ्या रदमिलाची करंगळी," ती म्हणाली. "सात वर्षांची असताना गोठ्याच्या दारात चेमटली होती. बाकीची कुठाय?"

तिने चष्म्यावरून जावयाकडे पाहिले.

"बाकीची कुठाय, झिवोराद?"

त्याने पातेले खाली ठेवले, स्क्रूचा डबा आणला, ड्रॉवरमधून मला काढले. नेवेंकाने आम्हा दोघांना मेजावर जुळवून पाहिले. बोटे हाताला बरोबर जुळली. तिने हळूच विचारले, तो एवढा कशाला हसत होता. झिवोराद खाली बघत म्हणाला, रदमिलाने कानात सांगितले होते, शर्ट उलटा घातलायस. संतांनी पाहिलंय, पाहुण्यांना कळायच्या आत बदल.

"म्हणजे मी ज्या हसण्यावर भाळले, ते तिचं होतं," नेवेंका म्हणाली. "विधुर आहे म्हणाला असतास तर मी काय पळून जाणार होते? मेलेल्या बायकोला बहीण केलंस. उद्या मी मेले तर मला कोण करशील? आत्या?"

"मला वाटलं, तू बिचकशील."

"तेव्हा नसते बिचकले. आता बिचकले."

स्लावाच्या घरून प्रसादाचा शिजवलेला गोड गहू तोंडात घातल्याशिवाय जायचे नसते. तिने उभ्याउभ्या एक चमचा घेतला, देसांकाचा हात दाबला आणि निघून गेली. देसांकाने लेकीचा भाग रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. सूप तसेच गार झाले.

त्याच संध्याकाळी झिवोरादने मला अ‍ॅपवरून काढले आणि नेवेंकाला पत्र लिहिले. यादीतला एकही नियम न पाळता, लांबलचक, सगळा भूतकाळ असलेले. तिने ते वाचल्याची खूण फोनवर आली. उत्तर आले नाही. आज मार्च उजाडला तरी नाही.

मित्रांनो, माणूस शोधायला निघालात तर हसरा फोटो जरूर लावा, चार प्रश्न विचारा, लांबण लावू नका. आम्ही मदतच करू. पण तुम्हाला ज्यांनी हसवले त्यांना कापून टाकू नका. फोटो आपणहून खोटे बोलत नाही. त्यासाठी आधी त्यातले आपलेच माणूस कापून काढावे लागते. आणि मला हातात घ्याल तेव्हा उजव्या बाजूने जरा जपून धरा. ती कड कात्रीची आहे, अजून बोटाला लागते.