नखावरची रेघ

सुताराच्या डाव्या अंगठ्याच्या नखात काळी उभी पट्टी दिसली, तेव्हा घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. सुताराचं नख काळं पडायचं नाही तर काय शिंप्याचं पडायचं? हातोडी बसली असेल, असं बायको म्हणाली आणि तो उखडलाच. आपला घाव कधी चुकत नाही, ही बढाई त्याने अख्ख्या गल्लीला ऐकवलेली होती.

पण मग हे काळं आलं कुठून? धाकट्या भावाला चौकट बसवतानाचा फटका आठवत होता, बायकोचा मात्र नुसता अंदाज होता. त्याला स्वतःला एकही आठवेना, आणि डोक्यात पार गोंधळ उडाला. शेवटी तो दवाखान्यात गेला. तिथे डॉक्टरीणबाईंनी समजावलं की रक्त साकळलं असेल तर ते नखाबरोबर पुढे सरकतं. नाहीतर तो मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सरही असू शकतो. थोडे दिवस नीट लक्ष ठेवून परत या, म्हणाल्या.

लक्ष ठेवायचं म्हणजे खूण हवी, एवढं सुताराला शिकवायला नको. घरी येताच त्याने बारीक कानशीने नखाच्या मुळाशी पट्टीवर आडवी रेघ ओढली. रोज सकाळी चहाआधी तिच्याकडे बघायचं. रेघ पुढे सरकायला लागली, तसा त्याचा जीव भांड्यात पडला. बायकोलाही त्याने ती चारचारदा दाखवली.

पुढच्या खेपेला बायकोही बरोबर आली. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"रेघ सरकली, ते बरोबर. पण ती तुम्ही ओढलेली आहे. तिच्या मागे बघा."

रक्त असतं तर मागे कोरं नख यायला हवं होतं. तिथे पट्टी तशीच काळीभोर होती आणि मुळाजवळच्या कातडीवरही उतरली होती. इतके दिवस तो आपली रेघच बघत बसला होता. आता नखाखालचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा, त्याशिवाय नक्की काही सांगता येणार नव्हतं.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसल्यावर त्याला भीती वाटली. मग हळू आवाजात त्याने बायकोला विचारलं, "अगं, मी हातोडी मारून घेतली होती ना?"

तिने त्याचा अंगठा मुठीत धरला. "हो. केवढ्याने ओरडला होतात."

तिला खोटं बोलता येत नाही, लगेच पकडली जाते, हे त्याला लग्नापासून ठाऊक होतं. तरी त्याने मान डोलावली.