खालची वाटी

"हँडलाची ही वाटी तुम्ही कशाने मोजून आणलीत?" मावशीने विचारलं.

"काठीने," पाटकरी म्हणाला.

"कुठल्या काठीने?"

त्याने हातातली काठी पुढे केली. पाटाच्या दारापाशी पाणी मोजायची काठी ती, बोटाबोटावर खुणा कोरलेली. मावशीने एकदा काठीकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, पाणी बोटाने मोजतात. वाटीला केसाचा फरक चालत नाही. मोठी झाली तर शिरत नाही, लहान झाली तर बसून हलते. ही हलतेय, बघा."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. मला हसू आलं आणि मी मोठ्याने हसलोसुद्धा. पाटकरी मात्र हसला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज याची चेष्टा करण्यात अर्थ नाही.

मावशी म्हणजे आमच्या गावची सायकल मिस्त्री. नवरा गेल्यावर दुकान बंद करा म्हणून सगळ्यांनी सांगितलं, तिने सगळ्यांना हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पाटकरी म्हणजे पाटाच्या दारावरचा माणूस. दार किती उघडायचं, किती मिटायचं, ते तो ठरवतो, आणि त्यावर आमची शेतं पिकतात. माझी जमीन पाटाच्या अगदी शेपटाला, त्यामुळे त्याच्या हाताकडे माझा जीव टांगलेला.

त्याची सायकल अजब झाली होती. हँडल सरळ धरलं की तिथेच अडकायचं. वळायचं तर जोर लावून खटकन सोडवावं लागे, आणि मग चाक भलतीकडेच जाई. म्हणून वळण आलं की हा खाली उतरायचा, पुढचं चाक दोन्ही हातांनी उचलायचा, हव्या त्या दिशेला ठेवायचा आणि पुन्हा बसायचा. पोरं नक्कल करायची त्याची.

त्या सकाळीच मावशीने चाक काढलं होतं, हँडल काढलं होतं, पुढच्या चाकाचा चिमटा खाली ओढला होता. काळ्याकुट्ट ग्रीसमधून छर्रे तिच्या तळहातावर पडले. मग चिमट्याच्या नळीत वरून लोखंडी सळई घालून खालची वाटी ठोकून काढली. एक ठोका इकडे, एक ठोका तिकडे. वाटी पुसून तिने माझ्या हातात दिली.

"आतून नख फिरवा."

मी फिरवलं. खड्डे लागले, एकाशेजारी एक.

"सगळा भार या खालच्या वाटीवर येतो," मावशी म्हणाली. "हँडल इकडेतिकडे फिरत राहिलं तर वाटी सगळीकडून सारखी झिजते. यांचं हँडल फिरलंच नाही. छर्ऱ्यांनी एकाच जागी घरं करून घेतली. किती वर्षं झाली हो?"

"अठरा," पाटकरी म्हणाला. "घर ते दार सात किलोमीटर. पाटाचा बांध सरळच आहे ना." मग काठीवर माप घेऊन तो बाजारात गेला आणि ही हलणारी वाटी घेऊन आला.

अठरा वर्षांत तो एकदाच रजेवर गावाबाहेर गेला होता, आणि पुन्हा गेला नाही त्यात माझाही हात आहे, ते सांगूनच टाकतो. एका वर्षी तो आठ दिवस रजेवर गेला. बदली माणसाने दार उघडं टाकून झोप काढली, वरची शेतं बुडाली आणि माझं वाळलं. तेव्हापासून त्याने रजा मागितली की आम्ही कचेरीत अर्ज द्यायचो, याला सोडू नका म्हणून. पहिली सही माझी. आणि सही करून आल्यावर मीच त्याला म्हणायचो, "तुमच्यासारखा माणूस नाही हो." त्याला ते खरं वाटायचं. अजून लाज वाटते मला.

त्याची बायको गेलेली. एकुलती एक लेक डोंगरापलीकडे दिलेली. तिला मुलगा झाला, तो दीड वर्षांचा झाला, तरी आजोबांनी नातू पाहिला नव्हता. आणि आता जावयाला दूर कुठे काम लागलं होतं. उद्या संध्याकाळी ती बिऱ्हाड उचलून जाणार, असा तिचा निरोप होता. डोंगरातून चौदा किलोमीटर, अकरा वळणं, गाडी जात नाही. सकाळी दार उघडून निघालं तर संध्याकाळी दार मिटायच्या वेळेपर्यंत परत येता येतं. दिवसभर दार मी सांभाळतो, असं मी आपण होऊन म्हटलं होतं.

"हीच वाटी पत्र्याची पट्टी घालून बसवा ना मावशी," पाटकरी अजिजीने म्हणाला. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"आणि उतारावर निसटली तर? नातवाच्या आधी देव दिसेल."

"मग जुनीच थोडी फिरवून बसवा."

"तेही येतं करता. खड्डे बाजूला जातात, सरळ रस्त्याला दोन महिने खपून जाईल. पण तुम्हाला वळायचंय ना? वळणावर पुन्हा त्याच खड्ड्यांत अडकेल."

तिने पलंगाखालून पत्र्याचा डबा ओढला आणि जमिनीवर पालथा केला. नवऱ्याने जमवलेलं सगळं सुटं सामान. पहिली वाटी नळीच्या तोंडाला टेकवली, मोठी. दुसरी नेमकी बसली, पण उथळ. छर्रे कडेवर चढत होते. पाटकरी श्वास रोखून बघत होता. तिसरी तिने जुन्या वाटीला पाठीशी पाठ लावून बघितली, डोळा बारीक केला.

"ही."

"नक्की?"

"तुमची काठी बाजूला ठेवा आधी."

वाटीखालची चिमट्यावरची कडीही तिने बदलली. एक नवी आणि एक जुनी ठेवली तर महिन्याभरात नवीची जुनी होते, म्हणाली. वाटीवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके घालत ती चारही बाजूंनी सारखी आत नेली. घाई केली असती तर नळीचं तोंड फाटलं असतं. ग्रीसमध्ये छर्रे चिकटवले, वरची चाकी आवळली, थोडी सैल केली, पुन्हा आवळली. मग पुढचं चाक अधांतरी उचललं. हँडल आपोआप एका बाजूला पडलं.

पाटकऱ्याने ते उचलून सरळ केलं. पुन्हा पडलं. पाच-सहा वेळा त्याने तेच केलं.

"अडकत नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने माझ्यासमोर दार उघडलं, काठी माझ्या हातात दिली आणि निघाला. डोंगराचा फाटा बांधावरच, दारापासून अर्ध्या किलोमीटरवर, इथून स्पष्ट दिसतो. मी बघत होतो. तो फाट्यापाशी पोचला आणि सरळ पुढे निघून गेला. गावाकडे, घराकडे, रोजच्यासारखा.

मी ओरडलो, पण वारा उलटा होता. बऱ्याच वेळाने तो परत आला तो थेट दारापाशीच. चेहरा पडलेला.

"घराच्या दारात पोचल्यावर कळलं," तो म्हणाला. "आता उशीर झाला. राहू दे. पाणी दोन बोटं वाढलेलं दिसतंय."

"पाणी मी बघतो!"

"तुमचं पीक आहे शेपटाला. वाळलं तर?"

"वाळू दे!" मी म्हटलं. अठरा वर्षांत हा शब्द माझ्या तोंडातून पहिल्यांदा निघाला. सायकल त्याच्या हातातून घेऊन मीच फाट्याकडे वळवली. "जा. आज सही करणार नाही मी."

तो गेला. फाट्याशी थांबला.

तो खाली उतरला. हँडलाला हातही न लावता पुढचं चाक दोन्ही हातांनी उचललं, डोंगराच्या दिशेला ठेवलं आणि पुन्हा सायकलवर बसला. पहिल्या वळणापर्यंत तो मला दिसत होता.