चार पाकळ्या

केसाने गळा कापावा तर फव्वाजसारख्याने.

चार वर्षं आम्ही दोघं एकाच नळीवर. सौदीत जिद्दाच्या उत्तरेला, समुद्राकाठच्या आमच्या प्रयोगशाळेत बारा मीटरची पोलादी नळी आहे, मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पडदा. एका बाजूला हेलियमचा दाब चढवत न्यायचा. पडदा फाटला की धक्क्याची लाट सुटते आणि पलीकडचा इथेन वायू डोळ्याचं पातं लवायच्या आत दीड हजार अंशांवर तापून तुटतो. किती वेगाने तुटला ते लेझर सांगतो. पडद्यावर आधीच फुलीची खाच असते, म्हणून फाटताना त्याच्या चार पाकळ्या उघडतात. एखादी अडकली की लाट बिघडते, तो प्रयोग बाद. म्हणून रीत अशी, की प्रयोगानंतर एकाने फाटलेला पडदा काढून त्यावर क्रमांक घालायचा, दुसऱ्याने तपासून सही करायची. फव्वाज प्रत्येक पडदा खिडकीशी धरून मोठ्याने पाकळ्या मोजायचा. वर म्हणायचा, "बघून घे ताई, नंतर भांडू नकोस."

माझा इथेन तुटायचा वेग आमचे मार्गदर्शक डॉक्टर हैकल यांच्या जुन्या आकड्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी येत होता. त्या आकड्यावर त्यांचं नाव झालेलं, आणि माझा अख्खा प्रबंध माझ्या बावीस प्रयोगांवर उभा.

रविवारच्या बैठकीत मी आलेख दाखवला. पडदे नीट उघडले होते का, एवढंच डॉक्टरांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत फव्वाज म्हणाला, बरेचसे नव्हते. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच्या नेमणुकीची मुदतवाढ डॉक्टरांच्या हातात होती, ठाऊक आहे मला. पण म्हणून माझ्या जिवावर उठायचं?

मी तडक उठले. माझ्या आईने दिलेले मामूल, खजूर भरलेली बिस्किटं, आम्ही दोघांनीच फस्त केले होते, त्याच रिकाम्या डब्यात मी पडदे ठेवायची. डबा टेबलावर पालथा केला. बावीस पडदे, सगळ्यांच्या चारही पाकळ्या उघडलेल्या, आणि प्रत्येकामागे फव्वाजची सही.

डॉक्टरांनी एक उचलला. "सही तुझीच ना?"

"माझीच. न बघता करायचो, डॉक्टर. पाकळ्या काय, नंतर बोटानेही वळवता येतात. माझा ताईवर विश्वास होता."

खोटं बोलला ते एक वेळ गिळलं असतं. याने मला चोर ठरवलं. डॉक्टरांनी पडदा खाली ठेवला. बावीसही बाद, सगळं पहिल्यापासून कर, म्हणाले, आणि तपासायला दुसरं कुणी घे.

दुसऱ्या दिवशी मी नव्याने केलेल्या प्रयोगाचा पहिला पडदा काढला, तर हा फव्वाज कहव्याचा, अरबी कॉफीचा, पेला घेऊन हजर. सवयीने हात पुढे केला. मी पडदा दिला.

"मोज. मोठ्याने."

त्याने तो खिडकीशी धरला. एक, दोन, तीन. चौथी पाकळी समोर धडधडीत उघडी होती, पण त्याच्या तोंडून आकडा फुटेना. पडदा मी त्याच्या हातातून काढून घेतला आणि सहीसाठी शेजारच्या खोलीतल्या लमीसला हाक मारली.