तांब्यांची रांग

परंड्यात मोटारीच्या अड्ड्यासमोर शांताक्कांची खानावळ होती. आठ पाट, आठ ताटं, आणि नववा माणूस बाहेर. बाहेर दगडी कट्टा होता. त्यावर माणसं बसत नसत, तांबे बसत. आलेल्याने आपला तांब्या शेवटच्या तांब्याला लावून ठेवायचा आणि लिंबाच्या सावलीत जाऊन टेकायचं. पंगत उठली की पुढच्या आठ जणांनी आपापले तांबे उचलून आत शिरायचं. दुसऱ्याच्या तांब्याला कुणी हात लावत नसे. या रिवाजाचं मूळ सोवळ्याओवळ्यात होतं आणि सोवळ्याचं कौतुक मला कधीच नव्हतं. पण त्यामुळे तिथे घुसाघुशी होत नसे हे कबूल केलं पाहिजे.

पुढे जाता येई ते फक्त एका शब्दावर. "मोटार!" असं म्हणायचं. कुर्डुवाडीची मोटार दिवसातून एकदाच, दुपारी दोनला सुटे. ज्याला ती धरायची असेल त्याने तसं सांगितलं की पुढच्यांपैकी कुणीतरी उठून आपला तांब्या स्वतःच्या हाताने काढी आणि मागणाऱ्याच्या जागी नेऊन ठेवी. म्हणजे सोडणाऱ्याचंच काय ते नुकसान, मधल्यांना त्रास नाही. हा कायदा कुणी केला कोण जाणे. कचेरीत छापलेले इतके कायदे होते, पण त्यांच्यातला एकही असा चालताना मी पाहिला नाही.

मी तेव्हा परंड्यापासून चार कोसांवरच्या गावी शिक्षक होतो. पोरांना रांगेत उभं करणं हे माझं रोजचं काम, आणि रांग मोडणाऱ्याला छडी देणं हेही. तरी तो शब्द मी खोटा उच्चारला.

त्याचं कारण सांगतो, पण ते सांगण्यासारखं नाही. शाळेच्या हजेरीचा तक्ता कचेरीत द्यायला आलो होतो. तो घेणारे पेशकार तीनपर्यंतच बसतात असं ऐकलं होतं, सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि माझा तांब्या पंधरावा होता. रांगेतली माणसं निवांत बसली होती याचाच मला राग आला. एक पंगत उठत होती. मी कट्ट्यापाशी जाऊन म्हणालो, "मोटार आहे हो, मोटार."

आठवा तांब्या एका म्हाताऱ्या माणसाचा होता. कपाळाला विभूती, खांद्यावर उपरणं. तो लगेच उठला. "या मास्तर, बसा तुमी," तो म्हणाला. मी मास्तर आहे हे त्याला माझ्या हातातल्या तक्त्यावरून कळलं असावं. "मलाबी त्याच मोटारीनं जायचंय. पर म्या कुर्डुवाडीला खाईन की कायतरी. तुमी जेवा."

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि आत जाऊन बसलो.

जेवलो. बाहेर मोटार उभी. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार कोळशाच्या गॅसवर चाले आणि सुटण्याआधी तासभर धूर ओकत असे. समोरच्या दाराने गेलो असतो तर सगळ्यांदेखत तिच्यात चढावं लागलं असतं. मी हात धुण्याच्या निमित्ताने मागच्या बाजूला गेलो आणि गोठ्याच्या बोळातून सटकलो. कचेरीच्या भिंतीआड पोचल्यावर लक्षात आलं, तांब्या ताटाशीच राहिला.

तेवढ्यात हाक आली. "ओ मास्तर! मास्तर हो!"

म्हातारा मला शोधत होता. भिंतीच्या कडेने मी पाहिलं. मोटारीच्या पायरीवर एक पाय ठेवून तो ड्रायव्हरला सांगत होता, "मकबूलभाई, जरा दम धर. एक पाव्हना ऱ्हायलाय. जेवत हुता, आत्ता यील." मकबूलने भोंगा वाजवला. आतल्या माणसांनी कुरकुर केली. म्हातारा पुन्हा उतरला, खानावळीत गेला, बाहेर आला, लिंबाखाली पाहून आला. जा बाबा, म्हणत होतो मनात, चढ आणि जा एकदाचा. बाहेर पडून "मला जायचं नाही" एवढं म्हटलं असतं तरी सुटलो असतो, पण भिंत सोडली नाही. भोंगा तिसऱ्यांदा वाजला. चांगला पाव तास गेल्यावर मोटार हलली. पेशकार त्या दिवशी रजेवर होते.

घरी आल्यावर महादेवीने, माझ्या बायकोने, तांब्या विचारला. तिच्या माहेरचा, सास्तूरचा होता तो. लग्नात दिलेला, गळ्याशी माझं नाव कोरलेला. मी सांगितलं, चोरीला गेला.

पुढच्या तीन आठवड्यांत मी परंड्याला पाऊल टाकलं नाही. मग टाकावंच लागलं. महादेवीला सातवा महिना होता आणि ताप सुटत नव्हता. पहाटे गाडी जुंपून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोलापूरला घेऊन जा, आजच." म्हणजे कुर्डुवाडीपर्यंत मोटार आणि पुढे रेल्वे. एक कडू औषध बाटलीत दिलं. पहिला डोस मोटारीत चढण्याआधी गेलाच पाहिजे, आणि पोटात अन्न नसेल तर ते ठरणार नाही. घरून आणलेली भाकरी तिने वाटेतच ओकली होती. अड्ड्यावर चहा मिळे आणि अन्न एकाच जागी मिळे.

शेजाऱ्याचा मागून आणलेला तांब्या मी कट्ट्यावर ठेवला. बारावा. आत एक पंगत नुकतीच बसली होती. ती उठल्यावर आठ जण बसणार, आणि तेवढ्यात मोटार सुटणार. महादेवी लिंबाखाली डोळे मिटून बसली होती, ओठ कोरडे पडले होते. मी मागच्या दाराने शांताक्कांकडे गेलो. आणीबाणीच्या वेळीसुद्धा मला मागचं दारच आठवलं.

"अक्का, बाई आजारी आहे. वाटीभर कण्या द्या, ताक घालून. ती गोठ्यात बसून खाईल."

शांताक्कांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांनी ओळखलं होतं. "बायकांस्नी म्या चुलीपाशी बसवते," त्या म्हणाल्या, "पर ताट आठातलंच. रांग माझी न्हाय मास्तर, भाईर बसल्यात त्यांची हाय. त्यांस्नी इचारा."

विचारा म्हणे. विचारायचा शब्द एकच, "मोटार", आणि तो मी एकदा खोटा वापरून बसलो होतो.

कट्ट्याकडे परत येताना मकबूल आडवा आला. हातात चहाची बशी. "क्या मास्तर," तो दखनीत म्हणाला, "आज सच्ची जाना है?"

"बायको आजारी आहे, मकबूलभाई."

त्याने लिंबाखाली पाहिलं. आवाज खाली आणला, पण शब्द नाही. "उस दिन तुमारे वास्ते पाव घंटा खडा रह्या मैं. फिर करोडगिरीके नाक्यापे जकातवालोंने सामान खोला, देर हुई. कुर्डुवाडी पहुंचे तो रेल छूट गई. उसमें उस बुड्ढेकी, वीरप्पाकी बेटी थी. तीन सालके बाद बाप-बेटी मिलनेवाले थे, दस मिनट. दामाद की बदली हुई, दूर मुलुख में." बशी संपवून तो म्हणाला, "तुमारा लोटा हातमें लेके बुड्ढा फलाटपे फिरता था. बोला, मास्तर पीछेसे बैलगाडीमें आएगा."

मला वाटलं, आता हा कट्ट्यावर जाऊन सांगेल. आणि सांगितलं तर पुढच्या अकरा तांब्यांतला एकही हलणार नाही. आणि तो हक्कच होता त्यांचा. माझी भीती माझ्यासाठी नव्हती असं म्हणायला आवडेल, पण थोडी माझ्यासाठीही होती.

आतली पंगत ताक मागू लागली. म्हणजे आता उठणार. मी कट्ट्यापुढे उभा राहिलो. "मोटार," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की दोघातिघांनीच मान वर केली. एक जण दुसऱ्याच्या कानाशी लागला. मकबूल मोटारीला टेकून बघत होता. शांताक्का दारात आल्या होत्या. कुणी हललं नाही.

"कोन, मास्तर?"

वीरप्पा तिथेच होते. तिसरा तांब्या त्यांचा होता. ते लगबगीने उठले आणि माझा हातच धरला. "आवो, कुठं गेला हुता तुमी त्या दिवशी? म्या लई हाका मारल्या. मकबूल थांबंना, त्याचंबी बराबर हाय म्हना. आनखी घटकाभर त्याला धरून ठिवला असता तर तुमी गावला असता. माझ्या जिवाला लई लागलं बघा." मग दाराकडे वळून, "अक्का, म्या ठिवायला दिल्याला मास्तरांचा तांब्या काढा की! आला मालक."

शांताक्कांनी कोनाड्यातून तांब्या काढला. घासून लख्ख केलेला. सगळ्यांसमोर त्यांनी तो कट्ट्याच्या कडेला ठेवला, नाव माझ्याकडे करून. महादेवीने डोळे उघडले होते. माहेरचा तांब्या तिने लांबूनच ओळखला. तिने तांब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऱ्हायलात कशानं, मास्तर?" वीरप्पांनी पुन्हा विचारलं.

खरं सांगितलं तर तिसरा तांब्या जागचा हलणार नाही. खोटं सांगितलं तर हे दुसरं खोटं, त्याच माणसाला, त्याच कट्ट्यावर. शांताक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आत पाट सरकल्याचा आवाज आला.

"पोटात कळ आली होती, अप्पा," मी म्हणालो. "बसवेना. आज बायकोला सोलापूरला न्यायचंय, तिच्या पोटात दोन घास जायला हवेत."

"अरारा," वीरप्पा म्हणाले, आणि त्यांनी आपला तांब्या उचलला. तो शेवटी, मी उसन्या आणलेल्या तांब्याच्या जागी नेऊन ठेवला. "जा बाई, जेव तू."

महादेवीला शांताक्कांनी खांद्याला धरून आत नेलं, चुलीपाशी बसवलं, कण्यांत ताक कालवून दिलं. ती खात होती तोवर मी दारात उभा होतो. चार घास, सहा घास. ते ठरले. औषध घेताना तिने तोंड वाकडं केलं, पण तेही ठरलं. तिला मोटारीत खिडकीशी बसवलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "चोरीला गेला म्हनाला हुता न्हवं?"

"मागाहून सांगतो," मी म्हणालो.

मकबूल पाठीमागच्या भट्टीत कोळसा ढोसत होता. अजून थोडा वेळ होता. तांब्या कट्ट्यावरच होता. तो आणायला गेलो तर कट्ट्यावर मागून आणखी सात-आठ तांबे लागले होते. वीरप्पा लिंबाखाली इतरांपासून जरा लांब बसले होते, आपल्या तांब्यावर नजर ठेवून. मला बघून हसले. "कळ ऱ्हाती का आता? ववा खात जावा. त्या दिवशी मला ठावं असतं तर म्या उतरलो असतो, तुमाला असं टाकून गेलो नसतो."

हे ऐकवेना. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. बायकोच्या पोटात अन्न गेलं होतं, औषध गेलं होतं, आता खरं बोलायला माझं काही जाणार नव्हतं. अशा वेळी खरं बोलण्यात काय मोठेपणा! तरी बोललो.

"अप्पा, मला कळ आली नव्हती. त्या दिवशी मला मोटार धरायचीच नव्हती. भूक लागली होती म्हणून खोटं बोललो. तुम्ही हाका मारत होता तेव्हा मी त्या भिंतीआड उभा होतो."

वीरप्पांना ते चटकन समजलं नाही. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग मोटारीकडे, खिडकीतल्या महादेवीकडे.

"आन् आज?"

"आज खरं आहे, अप्पा. तुम्ही बघताय ना."

"व्हय," ते म्हणाले. खांद्यावरचं उपरणं काढून मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "भिंतीआड. म्हंजी ऐकू येत हुतं तुमाला." ते रागावले नव्हते. रागावायला हवे होते. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले.

तेवढ्यात कचेरीच्या बाजूने एक माणूस धापा टाकत आला. डोक्यावर गाठोडं, धोतर धुळीने भरलेलं. तांब्या कट्ट्यावर टेकवताच तो ओरडला, "मोटार हाय वो, उशीर झालाय, दोन घास तरी खाऊन जाऊ द्या!" पुढचे तिघेचौघे सवयीने उठले. वीरप्पाही उठले, कारण ते नेहमीच उठत. हात तांब्यापर्यंत गेला.

आणि तिथेच थांबला. त्यांनी त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं, धुळीकडे, गाठोड्याकडे. त्या कट्ट्यावर तसं कुणाकडे कुणी बघत नसे.

"तिकीट हाय का?" वीरप्पांनी विचारलं. "दावा बरं."

उठलेले तिघेचौघे पुन्हा खाली बसले. तो माणूस गोंधळून गाठोडं सोडू लागला. मकबूलने भोंगा वाजवला. मी माझा तांब्या उचलला आणि मोटारीकडे गेलो.