बाहीतली घडी

कॉलर

फौजदारानं लाँड्रीच्या टेबलावर काळा लोकरीचा कोट टाकला. "कोपऱ्यावरच्या सोनाराचा खून झाला, तिथं सापडला. कुणाचा?"

लाँड्रीवाल्यानं कॉलर उलटली. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक कपड्याला तिथं रंगीत दोऱ्याची खूण असायची. इथं नव्हती. घरच्या कपड्यांना तो दोरा घालत नसे.

त्यानं कोट ओळखला. कोट धाकट्या भावाचा. आईमागे यानंच लहानाचा मोठा केलेला.

"पहिल्यांदाच बघतोय, साहेब."

"नक्की?"

"आईशप्पथ."

"आई आहे का?"

"वारली."

"सुटली बिचारी."

खिसा

चौकीत फौजदारानं स्वतःहून चहा मागवला, तेव्हाच याच्या मनात पाल चुकचुकली.

"सकाळी तुझा भाऊ आला होता. म्हणाला, कोट दादाचा."

"चेष्टा करताय."

"बरोबर तुझी बायको. तीही तेच म्हणाली. वर म्हणाली, विचारून बघा, तो साफ नाही म्हणेल." फौजदारानं घोट घेतला. "तू म्हणालास."

तिला माहीत होतं. धाकट्यासाठी हा डोळे मिटून खोटं बोलणार, हे तिला पक्कं माहीत होतं. दिराच्या भिकार विनोदांवर ती पोट धरून हसायची. हा कौतुकानं बघायचा. घर कसं हसतं-खेळतं असावं!

बाही

"घाल अंगात."

त्यानं घातला. दोन्ही बाह्या मनगटापर्यंत बरोबर आल्या.

हे कसं शक्य होतं? लहानपणी हात मोडल्यापासून धाकट्याचा डावा हात आखूड राहिलेला. ती बाही यानंच आत दुमडून शिवली होती, वर्षानुवर्षं त्याच घडीवर इस्त्री फिरवली होती. आता टाके उसवलेले. घडी वाफेवर अशी मारली होती की मागमूस नाही. दुकानातली ती जड इस्त्री दोघांनाच जमायची. एक तो स्वतः. दुसरीला त्यानं हात धरून शिकवलं होतं.

"झकास काम," तो पुटपुटला.

"काय?"

"साहेब, पेलाभर पाणी मिळेल?"

"प्यायला?"

"बाहीला. इस्त्रीनं लोकर गप्प बसते. भिजली की जुनी घडी वर येते."

पाणी आलं. त्यानं पेला बाहीवर धरला. ओतलं की धाकटा फासावर. नाही ओतलं तर आपण. आजारपणात, परीक्षेत, मारामारीत, प्रत्येक वेळी धाकटा एकच म्हणायचा, "दादा, तू आहेस ना?"

काल रात्रीही जेवताना म्हणाला होता. वहिनी वाढत होती.

त्यानं पाणी ओतलं.

कापड जड झालं, लोंबलं. फौजदार दिवा घेऊन वाकला. बराच वेळ काहीच नाही. मग मनगटाच्या वर एक आडवी रेघ हळूहळू उठली.

लाँड्रीवाल्यानं तिच्यावर बोट ठेवलं.

"धाकट्याचा हात इथं संपतो," तो म्हणाला.