तपासणीचे टायर

रादाने गाडीला जॅक लावला, तसा मी तिच्याकडे न बघताच शेडमध्ये टायर काढायला गेलो. या चार चांगल्या टायरांवर आमचं निम्मं गाव गाड्यांच्या वार्षिक तपासणीत पास झालंय. ज्याची पाळी असेल त्याच्या गाडीला सकाळी चढवायचे, शहरातून शिक्का आणायचा आणि दुपारी उतरवून पुन्हा माझ्याकडे टांगायचे. मग वर्षभर गाडी आपल्या गुळगुळीत टायरांवर पळायला मोकळी. या सोयीचा मला केवढा तोरा होता.

दोन वर्षांपूर्वी रादाचा बाप त्सान्को याच गाडीला ते लावून पास होऊन आला. दुसऱ्या दिवशी त्याला रोदोपे डोंगरातल्या घाटातून बहिणीकडे जायचं होतं आणि पाऊस लागला होता. हे टायर एक दिवस राहू देत, म्हणाला. उद्या खालच्या गावची गाडी यायची आहे, असं मी सांगितलं. कुणाचीही गाडी यायची नव्हती. उगीच टायर झिजतील, एवढ्यासाठी मी खोटं बोललो. घाटात गाडी घसरली आणि त्सान्कोचा पाय गेला. पोलिसांना त्याने सांगितलं, जुने टायर मीच चढवले होते. माझं नावसुद्धा घेतलं नाही. तेव्हापासून मला स्वतःचीच लाज वाटते.

दुपारी रादा पास होऊन आली आणि लगेच नट सैल करायला बसली.

"राहू देत गं," मी म्हणालो. "कायमचे ठेव."

"छे, वेल्कोकाका. बाबांनी बजावलंय, दुसऱ्याची पाळी अडवायची नाही. त्यांच्या वेळी नव्हती का ती खालच्या गावची गाडी?"

"नव्हती," मी म्हणालो. "कुणाचीच नव्हती. तुझ्या बाबाशी मी खोटं बोललो."

तिचा हात थांबला. तिने पाना फेकून मारला असता तरी मी हललो नसतो. मग सैल केलेला नट तिने पुन्हा घट्ट आवळला, बाकीचेही तपासले.

"हे त्यांना तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार," ती म्हणाली आणि तिने गाडीचं पलीकडचं दार माझ्यासाठी उघडलं.

या वेळेला त्सान्को घरी अंगणात बसलेला असतो. दोन वर्षं मी त्या गल्लीतून जाणंच टाळत होतो. मी हात पुसले आणि गाडीत बसलो.